नांदेडला गाणं ऐकायला येताय? आधी तिथी बघा

पुण्याचा माझा एक मित्र दर दोन महिन्यांनी फोन करतो आणि विचारतो, "येत्या शनिवारी तुमच्याकडं कुठं गाण्याचा कार्यक्रम आहे का रे?" आता नांदेडच्या गाण्याला शनिवार-रविवार कुठला कळायला? ते घड्याळावर आणि पंचांगावर चालतं. पहाटे गुरुद्वाऱ्यात रागी, म्हणजे शीख कीर्तन गाणारे, बसतात, सांजेला आरती होते, मार्गशीर्षात माळेगावला ढोलकी कडाडते आणि सुगी सरली की गावोगाव सप्ते बसतात. यातल्या बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं. त्यामुळं तिकिटाच्या ॲपवर 'नांदेड' टाकून बघणाऱ्याला वाटतं की इथं काही होतच नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ही वाट लिहून ठेवतोय. दोन रात्रींचा मुक्काम धरा. एका दिवसात आटपायच्या बेतानं आलात तर गुरुद्वाऱ्याचा फोटो आणि पायाला चटके, एवढंच घरी न्याल.

आधी तारीख

सगळ्यात सोपा काळ म्हणजे दिवाळी ते होळी. दिवाळीत गोदावरीच्या बंदाघाटावर दिवाळी पहाट होते. अंधारात घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं आणि गाता गाता पाण्यावर उजाडताना बघायचं. फेब्रुवारीच्या शेवटी संगीत शंकर दरबार असतो. शंकरराव चव्हाण २६ फेब्रुवारी २००४ ला गेले, त्यांच्या स्मृतिदिनाला धरून हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला. होळीला गुरुद्वाऱ्याचा होला महल्ला असतो. तेव्हा पंजाबातून इतकी माणसं येतात की खोली मिळणं मुश्कील. दसऱ्यालाही तेच. गर्दी सोसत नसेल तर हे दोन्ही सण टाळा. गर्दीतच मजा वाटत असेल तर खोलीची सोय महिनाभर आधी करा.

एप्रिल-मे कटाक्षाने टाळा, असं मी सांगणार होतो. पण १४ एप्रिल आडवा येतो. भीमजयंतीच्या आगेमागे शहरातल्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत गायन पार्ट्यांचे कार्यक्रम लागतात, ते सोडवत नाहीत. तेव्हा एप्रिलात याच, फक्त दुपारी बारा ते पाच पंख्याखालून हलू नका. मे मात्र खरोखरच टाळा.

पोचणं आणि राहणं

रेल्वे स्टेशनचं नाव हुजूर साहिब नांदेड. तिकीट काढताना नुसतं नांदेड टाकलं तरी सापडतं. मुंबईहून दिवसा तपोवन, रात्रीची देवगिरी. उत्तरेतून येणाऱ्यांना अमृतसरची सचखंड एक्सप्रेस आहे. स्टेशनबाहेर पडलात की ऑटोवाला विचारणारच, "कुठं जायलात साहेब?" त्याला 'गुरुद्वारा गेट नंबर एक' सांगा. अंतर दोनेक किलोमीटर आहे. भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या.

राहायला गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत. धर्म कुणी विचारत नाही, आधार कार्ड मात्र विचारतात. खोल्या साध्या आणि स्वच्छ. वजिराबाद आणि स्टेशनच्या भागात लॉजही भरपूर आहेत. तरी माझं मत विचाराल तर यात्री निवासच घ्या. इथलं सगळ्यात चांगलं गाणं पहाटे असतं. पहाटे उठून, आंघोळ करून, चालत पाच-दहा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. ऑटो शोधण्यात निम्मी पहाट जाते.

पहाट: तख्त सचखंड

गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि इथंच त्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी आपल्यामागे कुणी देहधारी गुरू न नेमता त्यांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधलेली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्मपीठांपैकी, हे एक.

गाण्याच्या माणसानं लक्षात ठेवायची गोष्ट पुढं आहे. ग्रंथसाहिबाची १४३० पानं बहुतांशी रागांप्रमाणे लावलेली आहेत. मुख्य राग ३१. म्हणजे कोणतं पद कोणत्या रागात गायचं ते ग्रंथातच लिहिलेलं आहे. ग्रंथच गुरू आणि ग्रंथच गायचा, त्यामुळं इथं गाणं हीच पूजा. देवळात पूजा आटोपल्यावर भजन होतं, तसा प्रकार नाही.

मध्यरात्र उलटली की गोदावरीवरून पाण्याची गागर येते आणि तख्ताचं स्नान होतं. मग कीर्तन सुरू होतं. पहाटे 'आसा दी वार' गातात, राग आसा. हा राग आपल्या मराठी मैफलीत फारसा कानावर पडत नाही, म्हणून मुद्दाम ऐका. वेळा ऋतूप्रमाणे पुढंमागं होतात. आदल्या संध्याकाळी सेवादाराला विचारून ठेवा. इथल्या जुन्या शीख घराण्यांतली माणसं मराठी आपल्यासारखीच बोलतात. पंजाबी जुळवण्याची खटपट करू नका, सरळ मराठीत विचारा.

आत जाण्याआधी: डोकं झाकायचं, स्त्री असो वा पुरुष. रुमाल घरून आणा. क्रिकेटची टोपी चालत नाही. चपला जोडाघरात द्यायच्या, हातपाय धुवायचे. खिशातली तंबाखूची पुडी, सिगारेट, गुटखा यातलं काही आत न्यायचं नाही. हे आपल्या मराठवाडी मंडळींना वेगळं सांगावं लागतं, कारण पुडी खिशात आहे हेच त्यांच्या लक्षात नसतं. आत माथा टेकून कडेला जमिनीवर बसा. पाय ग्रंथाच्या दिशेला पसरू नका. आणि टाळ्या वाजवू नका. तान कितीही आवडली तरी नाही. 'वाहवा' तर नाहीच.

रागी जथा बहुधा तिघांचा. दोघं पेटीवर गातात, तिसरा तबल्यावर. पहिल्या दिवशी नुसते सूर ऐका. दुसऱ्या दिवशी शब्दांकडे कान लावा, विशेषतः पदाच्या शेवटाकडे. संतांची पदं असली की तिथं त्यांचं नाव येतं. कबीर येतात, रविदास येतात, आणि नशीब असेल तर कानावर पडतं, "नामदेउ".

हे आपले नामदेव. जन्म १२७०, गाव नरसी, आजचा हिंगोली जिल्हा, नांदेडच्या शेजारचाच. त्यांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या काहींत विठ्ठलाचं नावही येतं, 'बीठलु' असं. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वाटलं, कुणी मराठी माणूस मध्येच उठून गायला लागला की काय. शेजारी बसलेले लुधियानाचे म्हातारबाबा डोळे मिटून ओठ हलवत होते. पद त्यांना पाठ होतं. मला नव्हतं.

उठताना दोन्ही हातांची ओंजळ करून कडाप्रसाद घ्या. तूप भरपूर असतं. हात धोतराला-पँटला पुसू नका, चेहऱ्याला चोळा, बाकीचेही तेच करत असतात.

सांज

दुपार झोपेत घालवा. जेवण लंगरात. तिथंही पंगतच म्हणतात, शब्द तोच. पोळी ताटात वाढून घेत नाहीत, दोन्ही हात पुढे करून हातात घेतात. जेवण झालं की ताट धुवायला किंवा कांदे चिरायला अर्धा तास बसा. सेवेला बसलेल्या बाया काही ना काही गुणगुणत असतात. तेही ऐकण्याजोगं असतं.

दिवेलागणीला रहिरास, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, होते आणि मग आरती. ही हुजूर साहिबची, म्हणजे याच गुरुद्वाऱ्याची, खासियत. आरती धनासरी रागातली. पहाटेचं कीर्तन शांत असतं. इथं नगारा घुमायला लागला की छातीत जाणवतो. मागून गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन देतात, त्यासाठी लोक पुढं सरकतात आणि ढकलाढकली होते. गाणंच ऐकायचं असेल तर डाव्या-उजव्या कडेला भिंतीशी बसा, मध्ये उभे राहू नका.

रात्री गोबिंद बागेत कारंज्यांचा आणि लेझरचा खेळ असतो. पोरं बरोबर असतील तर जा. तिथलं गाणं ध्वनिफितीवरचं, त्यामुळं या लेखात त्याला एवढीच जागा.

दुसरी रात्र: सप्ता

पाहुणे ही पायरी नेमकी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या वाटेवरची मोलाची पायरी हीच आहे.

सुगी झाल्यापासून पुढं उन्हाळ्यापर्यंत नांदेडभोवतीच्या गावांत अखंड हरिनाम सप्ते बसतात. कुठं दत्तजयंतीला, कुठं रामनवमीला, कुठं हनुमान जयंतीला. शोधायचे कसे? शहराबाहेर कुठल्याही फाट्यावर उभे राहा आणि फ्लेक्स वाचा. वर विठ्ठल-रुक्मिणी, मध्ये कीर्तनकार महाराजांचे फोटो तारखेनुसार, खाली अन्नदात्यांची नावं आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत मृदंगाचार्य आणि गायनाचार्य. आपण ती बारीक अक्षरं आधी वाचायची. फाट्यावरच्या चहावाल्याला "इथं सप्ता कुठं बसलाय?" विचारलं की तो वाट सांगतो, वर "जेवून जा" म्हणतो.

दिवसाचा क्रम गावोगाव सारखाच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन. पाहुण्यानं सात वाजताच पोचावं. वाढायला घेतलं की हात धुऊन बसायचं, आढेवेढे घ्यायचे नाहीत. मग मांडवात जागा धरायची. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू वेगळी असते, बघून बसा.

लवकर पोचण्याचा खरा फायदा पखवाज लावताना बघायला मिळण्यात आहे. मृदंगाचार्य पिशवीतून कणकेचा गोळा काढतो. पाण्याचा हात लावून मळतो आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुम्यावर, पोळीएवढा थापतो. एक थाप मारतो, मान हलवतो, बोटानं चिमूटभर कणीक काढून कडेला ठेवतो. पुन्हा थाप. आवाज खर्जात बसेपर्यंत हे चालू. उजवीकडं हातोडीनं गट्ठे ठोकून सूर पेटीशी जुळवतो. गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनात पूर्वी वाजणाऱ्या जोडीतल्या, म्हणजे तबल्यासारख्या जुन्या पंजाबी वाद्यातल्या, धाम्यालाही (डाव्यालाही) अशीच कणीक लावत. सकाळी गुरुद्वाऱ्यात, रात्री सप्त्यात बसलेल्या माणसाला हे एकदम लागतं. दोन्हीकडची हीच कणीक आणि दोन्हीकडचा तोच नामदेव.

कीर्तन ऐकण्याची रीत मैफलीपेक्षा वेगळी. महाराज मध्ये उभे, मागं पंधरा-वीस टाळकरी, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. महाराज एक अभंग निरूपणाला घेतात आणि दोन तास त्याच्याभोवती फिरतात. मध्ये प्रमाण म्हणून दुसऱ्या अभंगाचा चरण टाकतात. तो टाकला की मागचा गायक उचलतो आणि चाल लावतो. तेव्हा महाराज बोलायचे थांबतात आणि टाळ, पखवाज, आवाज सगळं एकदम सुटतं. आपण ज्यासाठी आलो ते हेच. निरूपणातले विनोद कधी कधी फार खालच्या पातळीवर उतरतात, सूनबाई आणि मोबाईल यांच्यापलीकडं जात नाहीत. ते सोसायचं. चाल लागली की सगळं माफ होतं. लाऊडस्पीकर फार कर्कश असतो, म्हणून कर्ण्याखाली बसू नका. पखवाजाच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. गर्दी प्रचंड, गाणं कमी. पहिलाच सप्ता असेल तर मधला एखादा दिवस निवडा.

माळेगाव, आणि वस्तीतला सामना

माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात. खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो, देवस्वारी निघते, भंडारा उधळतो. देवळाजवळ वाघ्या-मुरळी दिमडीवर गात असतात. आधी तिथं थांबा. लोक घाईनं लावणीकडं पळतात आणि दिमडी मागं राहते.

यात्रेत लावणी महोत्सव होतो. राज्यभरातल्या पार्ट्या येतात. नवख्यांसाठी एवढंच: संगीत बारीत पेटी-तबला-ढोलकीच्या साथीनं लावणी आणि अदा हेच मुख्य, आणि ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा पसारा. महोत्सवाच्या मांडवात बायका-पोरं घेऊन लोक येतात, तुम्हीही बिनधास्त जा. कलावंताकडं मोबाईल रोखून पहिल्या रांगेत उभे राहू नका. ढोलकीवाल्याचा हात बघा. जानेवारीच्या थंडीत ढोलकीची शाई आणि चामडं सारखं उतरतं, तो मध्येच शेकोटीवर नाहीतर हॅलोजनसमोर ढोलकी धरतो. स्वेटर न्या, तुमची अवस्थाही तीच होते.

एप्रिलातल्या गायन पार्ट्यांचं गाणं कव्वालीच्या अंगाचं. पेटी, ढोलक, टाळ्या आणि समोर अख्खी वस्ती. वामनदादा कर्डकांची गाणी अजून तोंडपाठ असलेली माणसं तिथं भेटतात. दोन पार्ट्यांचा सामना असेल तर सोडू नका. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जोडून जवाब द्यायचा. आवडलं की लोक उठून पेटीवर नोट ठेवतात आणि निवेदक त्यांचं नाव पुकारतो. हा प्रकार गुरुद्वाऱ्याच्या बरोबर उलटा. इथं गप्प बसलात तर तुम्हाला गाणं कळलं नाही असं समजतात.

सभागृहातलं गाणं

ते वर्तमानपत्रात येतं. कुसुम सभागृह आणि शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह ही दोन नावं लक्षात ठेवा आणि आल्याबरोबर स्थानिक दैनिकाचं शेवटून दुसरं-तिसरं पान चाळा. शास्त्रीय गायक पं. नाथराव नेरळकर याच मातीतले. त्यामुळं ख्याल ऐकणारा कान शहरात आहे आणि पुढच्या रांगेत बसलेले आजोबा गायकापेक्षा कडक असू शकतात.

मध्ये भूक लागली तर सकाळी सुशीला खा. चुरमुऱ्यांचा हा प्रकार पश्चिम महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना पोहेच वाटतो. तसं म्हणू नका, वाढणाऱ्याला राग येतो. रात्री देगलूर नाक्याकडं बिर्याणी. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, ते तिथल्या भांड्यांतून अजून दरवळतं.

जमलं तर नरसी

तिसरा दिवस असेल तर नामदेवांच्या गावी जा. पण बसच्या पाटीवर नीट बघा. नरसी दोन आहेत. एक नांदेड जिल्ह्यातलीच, नायगाव तालुक्यातली, देगलूरकडं जाताना लागणारी. दुसरी हिंगोलीजवळची, कयाधू नदीवरची नरसी नामदेव. मी स्वतः घाईत पहिलीच्या गाडीत बसलो होतो. तिकीट हातात आलं, गाडी शहराबाहेर पडली, गोदावरी ओलांडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या आजींना विचारलं, "नामदेवांची नरसी हीच ना?" त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, ती तिकडं ऱ्हायली. तू उलटं जायलास." मग उतरून परतीची गाडी, आणि तो दिवस गेलाच.

म्हणून आधी हिंगोलीची गाडी किंवा रेल्वे धरा आणि हिंगोलीत नरसी नामदेवची बस विचारा. एकादशी साधली तर मंदिरात भजन नक्की मिळेल. पंजाबातून आलेले यात्रेकरूही तिथं दिसतात, डोक्याला फेटा बांधून नामदेवांपुढं माथा टेकणारे. परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या, कारण भजनी मंडळी रंगात आली की तुम्हाला उठू देणार नाहीत.